बूट घालूनच बसा!

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर हाडवाले महाराज खुर्चीतल्या एका गृहस्थांचे दोन्ही पाय टाचेला धरून उचलत होते. डावा पाय चक्क बोटभर आखूड! महाराजांनी डोळे मिटले, "सांध्या, सरक पुढे!" असं दटावलं आणि सगळ्यांदेखत पाय सारखे झाले. लोकांनी तोंडात बोटं घातली.

पुढच्या रांगेत माझी धाकटी बहीण होती. घरोघर टपाल वाटणं हे तिचं काम. सात वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा माझ्या मूळ पेशी तिला दिल्या. त्या तिच्याच अंगाशी भांडायला लागल्या, म्हणून कितीतरी महिने स्टेरॉइड घ्यावं लागलं. त्यातून ती वाचली, पण आता जांघेत कळ यायची. "मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त कमी पडत असावं. या उपचारांनंतर काही वर्षांनी असं होऊ शकतं. एमआरआय होईपर्यंत काठी सोडू नका, हाड खचेल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तपासणी आज चार वाजता होती, आणि बाईसाहेब इथे!

"दादा, इथेच बरं वाटलं तर तपासणी कशाला? मला परत माझ्या गल्ल्या फिरायच्यात."

"माझ्या पेशी घेतल्यास, संशय तेवढा घ्यायचा राहिला," मी म्हणालो.

तिचा नंबर आला. महाराज गरजले, "काठी फेका! कृपेला टेकू लागत नाही! आणि बूट घालूनच बसा, कंपनं तळव्यातून निसटतात."

मी बावीस वर्षं बूट दुरुस्त करतोय. पाय तपासायचा आणि बूट काढायचे नाहीत, हे काही मला पटेना. लेस बांधायच्या निमित्ताने मी वाकलो आणि खिशातल्या खडूने तिच्या निळ्या मोज्यांवर, बुटाच्या काठाला लागून, रेघ ओढली.

महाराजांनी पाय उचलले. डावा आखूड!

"हात तसेच ठेवा!" मी ओरडलो. "सगळे डाव्याकडे बघताय, जरा उजव्या टाचेकडे बघा!"

उजवा बूट टाचेवरून ओढलेला होता. खडूची रेघ आणि बुटाचा काठ यांत बोटभर मोजा दिसत होता. उजवा बूट पुढे, म्हणून डावा पाय आखूड. बूट हळूच मागे ढकलला की झाला चमत्कार!

"हा नास्तिक माणूस कंपनं बिघडवतोय!" महाराज कडाडले.

बहिणीने वाकून दोन्ही बूट काढले आणि पाय पुढे केले. "महाराज, आता करा."

पाय सारखेच होते. "आज सांधा दमलाय," महाराज पुटपुटले. सभागृहात हशा पिकला आणि महाराजांनी काढता पाय घेतला.

आम्ही चारच्या आत दवाखान्यात पोहोचलो. हाड मरायला लागलं होतं, पण खचलं नव्हतं. "वेळेत आलात. छोट्या शस्त्रक्रियेने वाचवायचा प्रयत्न करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर येऊन आम्ही दोघंही रडलो, आणि मग खूप हसलो.

माझी बहीण मूर्ख नाही. ती दुखण्याला कंटाळली होती, घाबरली होती, आणि असे महाराज नेमकी अशीच माणसं हेरतात. तुमच्या घरात कुणी असं निघालं, तर चिडू नका, बरोबर जा. डोळे उघडे ठेवा, चारचौघांत प्रश्न विचारा, आणि तिथून थेट दवाखाना गाठा.