मारियमच्या चित्रासमोर

अदिस अबाबातल्या त्या कलासंग्रहालयात शिरताना अत्सेदेने नातीच्या टोपड्याला हात लावला, तशी हिरुतने मुलीला झटकन दुसऱ्या कडेवर घेतलं.

"वारं लागतंय तिला, म्हणून सारखं करत होते," अत्सेदे म्हणाली.

"मी करते."

हिरुतचा भाऊ मेसेले मायलेकींच्या मधून चालत होता. परदेशातून तो सुट्टीवर आला होता. आईच्या घरी बहीण येईना, बहिणीच्या घरी आई पाऊल टाकीना. शेवटी त्यानेच ही जागा शोधून काढली. "चित्रं बघायला काय जातंय? तिथे ना तुझं चर्च, ना तिची प्रार्थनासभा," असं म्हणून त्याने दोघींना गाडीत कोंबलं होतं.

लग्नानंतर हिरुत नवऱ्याच्या पंथात गेली. तिथे संतांची चित्रं नाहीत, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्माही नाही. अत्सेदेने ते कसंबसं गिळलं. पण सोलियाना झाली, आणि एका सकाळी 'जरा उन्हात फिरवून आणते' म्हणून ती नातीला घेऊन निघाली ती थेट चर्चच्या फाटकाशी. शेजारणीने सांगितलं तेव्हा हिरुत अनवाणीच धावली. भर रस्त्यात तिने मुलगी हिसकावून घेतली आणि आईला 'चोरटी' म्हणाली. सोलियाना आता रांगत होती. आजीच्या हातात ती त्यानंतर एकदाही गेली नव्हती.

पहिल्या दालनात नव्या चित्रकारांची चित्रं होती.

"या बाईचं नाक कुठे गेलं?" अत्सेदे एका चित्रापुढे थबकली.

हिरुतला हसू आलं. तिने ते दाबलं.

"दे ना जरा माझ्याकडे. हात भरून आले असतील तुझे."

"नाही आले."

"मी खाणार आहे का तिला?"

"खाणार नाहीस. काय करशील ते माहीत आहे मला."

"हळू बोला गं," मेसेले कळवळून म्हणाला. "लोक बघतायत."

तेवढ्यात सोलियानाने हिरुतच्या खांद्यावर दूध ओकलं. हिरुतने तिला भावाकडे दिलं. "तूच धर. कुणाकडे देऊ नकोस," असं बजावून ती कपडे धुवायला गेली.

परत आली तर मेसेले खिडकीशी फोनवर बोलत उभा. हात मोकळे.

"सोली कुठाय?"

"आईकडे. आत्ता इथेच तर होत्या..."

खिडकीतून रस्त्यापलीकडचं चर्च दिसत होतं. फाटक सताड उघडं. हिरुत जिना उतरून दाराशी धावली.

"पांढरी नेतेला, शाल पांघरलेली बाई, कडेवर मूल... बाहेर गेली?"

"बाहेर कुणी गेलं नाही," पहारेकरी म्हणाला. "वरच्या मजल्यावर बघा."

वर शेवटच्या दालनात जुनी धार्मिक चित्रं होती. अत्सेदे दाराकडे पाठ करून मारियमच्या, येशूच्या आईच्या, एका लाकडी चित्रापुढे उभी होती. सोलियाना तिच्या कडेवर. आणि अत्सेदेचा हात नेतेलाच्या आत काहीतरी चाचपत होता. पवित्र पाण्याची बाटली! हिरुत दारातच थांबली. आज हिला रंगेहाथ धरायचं.

हात बाहेर आला. त्यात रुमाल होता. अत्सेदेने नातीची लाळ पुसली.

"ही बघ माझी नात," ती चित्राला सांगत होती. "तुझ्या दारी आणणार नाही मी हिला. हिच्या आईला नकोय. मी जबरदस्ती करायला गेले आणि पोटची पोर घालवून बसले. आज नुसती दाखवायला आणलीये. हिच्यावर लक्ष ठेव. आणि हिच्या आईवर जरा जास्त ठेव. झोपत नाही ती. डोळे बघ कसे खोल गेलेत."

हिरुतची नजर चित्राकडे गेली. मारियमचा चेहरा अजून उजळ होता, पण पावलं उरलीच नव्हती. तिथलं लाकूड झिजून खोलगट, गुळगुळीत झालं होतं. किती बायकांनी तिथे ओठ टेकले असतील! कुणाचं मूल तापाने फणफणलेलं, कुणाचा मुलगा लढाईवर. हिरुतला वाटे, हे नुसतं लाकूड. होतंही लाकूडच. पण सोलियाना आजारी असताना तिने स्वतः अंधारात जे मागितलं होतं, तेच या बायकांनी मागितलं होतं. शब्दसुद्धा तेच असतील.

तिच्या छातीत काहीतरी सुटलं. आधी वाटलं रडू येतंय. पण ते रडू नव्हतं, आनंद होता. इतका की तिला चौकट धरावी लागली. सभेत शेकडो माणसं हात उंचावून गात असताना ती महिनोन्‌महिने याचीच वाट बघत कोरडी उभी राहिली होती. "देवा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तिला पाहून सोलियाना किंचाळली. अत्सेदे वळली आणि घाबरून एक पाऊल मागे सरली.

"मी काही केलं नाही! केस बघ, कोरडे आहेत. हात लावून बघ हवं तर!"

तिने नातीचं डोकं पुढे केलं. हिरुतने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपलं कपाळ आईच्या खांद्यावर टेकलं.

"ऐकलं मी सगळं, आई."

"सगळं?"

"डोळे खोल गेलेत, तेसुद्धा."

"मग खोटं आहे का?"

हिरुत हसली, हसता हसता तिचे डोळे भरले. "तुला चोरटी म्हणाले मी."

"चोरीच करायला निघाले होते की."

"पण बाप्तिस्मा नाही देणार मी."

अत्सेदेचा चेहरा क्षणभर ओढला गेला. "माहीत आहे. पण प्रार्थना मी करणार. ती काही तुला विचारून करायची नाही."

"कर."

मेसेले धापा टाकत आला. "सापडली?"

"मोठा आला राखणदार!" अत्सेदे म्हणाली. "चल, भूक लागली असेल पोरीला."

तिने सवयीने मूल हिरुतपुढे धरलं. हिरुतने हात पुढे केले नाहीत.

"तुम्ही व्हा खाली. मी येते."

अत्सेदे तिच्याकडे बघत राहिली. मग नातीला छातीशी घट्ट धरून, एकेक पायरी जपून उतरत ती दिसेनाशी झाली. हिरुत चित्रापुढे आली. ती वाकली नाही, तिने ओठही टेकले नाहीत. त्या झिजलेल्या लाकडाकडे बघत ती बराच वेळ नुसती उभी राहिली.