दिवसा सांगितलेली गोष्ट

आमच्या पुराणकथा आणि लोककथा लेखनाच्या ऑनलाइन वर्गाची एक पद्धत होती. दर रविवारी अकरा वाजता एकाने घरी ऐकलेली गोष्ट तोंडी सांगायची आणि बाकीच्यांनी ती आठवडाभरात आपापल्या शब्दांत लिहून आणायची. सात रविवार मी दुसऱ्यांच्या गोष्टी लिहिल्या. माझी पाळी आली की आमच्या बोरगाव मेघेचं नेटवर्क खराब व्हायचं.

खरं कारण सांगायला लाज वाटत होती. आमच्या घरात देव नव्हते, उपास नव्हते. आजोबांनी छप्पन साली सगळे देव नदीत सोडले आणि आईने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. एवढं एकच ती पाळायची: दिवसा गोष्ट सांगायची नाही, मामा वाट चुकतो. हे तुझ्या विज्ञानात कुठे बसतं, असं विचारलं की म्हणायची, "काका चुकत असता तर सांगितली असती. माह्या भावाचा सवाल आहे."

आई जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून श्रावणमामा दर रविवारी सकाळच्या एसटीने आष्टीहून माझ्याकडे येतात. म्हणजे वर्गाच्या आसपास ते वाटेवर असतात. इकडे आईची गोष्ट दर आठवड्याला थोडी थोडी माझ्याकडून निसटत होती. आधी म्हातारीच्या लुगड्याचा रंग गेला, मग तिची एक शिवी. एकटीने फोनवर रेकॉर्ड करून पाहिली, पण समोर कोणी नसलं की ती धडा वाचल्यासारखी व्हायची.

शेवटच्या रविवारी जागृती मॅडमचा सकाळीच निरोप आला, "जया, आज तुम्हीच. यानंतर वर्ग नाही."

मी मामांना फोन लावला. "आज संध्याकाळच्या गाडीने या ना."

"काऊन वं? पाव्हणे येऊन राह्यले का?"

"नाही, क्लास आहे."

"मंग मी का तुह्या क्लासात बाकावर बसतो का? गाडीत बसलो मी. पालक आणून राह्यलो."

आणि फोन कटला.

मामा अकराच्या सुमारास पोचतात. सव्वाअकरा झाले तरी आले नव्हते. फोन बंद. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. चहा ठेवला, तो उतू गेला. साडेअकराला मॅडमनी माझं नाव घेतलं. नेटवर्क त्या दिवशी चांगलंच होतं. मी सुरुवात केली.

एका गावची वेस भर दुपारी, माणसं शेतात असली की, उठून फिरायला जायची. संध्याकाळी माणसं परततात, तर गाव भलतीकडेच. मग एका म्हातारीने वेशीच्या दगडाला आपलं लुगडं बांधलं आणि त्याच्याजवळ बसून राहिली. दगड म्हणाला, "बुढे, सरक."

इथे मी थांबले. पडद्यावर अकरा चेहरे, सगळ्यांचे माइक बंद.

"मला उठावं लागेल," मी म्हणाले. "मामा अजून आले नाहीत."

आर्वीच्या काजलने माइक उघडला. "ताई, दिवसा गोष्ट सांगितली म्हणून?" ती हसली. मी हसले नाही. मग ती म्हणाली, "आमच्याकडंही म्हणतात. जा तुम्ही, आम्ही थांबतो."

बाराला फाटकाशी ऑटो थांबला. मामा उतरले. पिशवीतला पालक मलूल झाला होता.

"कुठे होता, मामा?"

"दवाखान्यात."

"काय झालं तुम्हाला?"

"मले का होते? ऑटोवाल्यानं विचारलं कुठं जाचं, तर तोंडातून दवाखानाच निघाला. तीन माळे चढून गेलतो. तुह्या मायच्या, मनकर्णाच्या पलंगावर एक बुढा झोपला होता. त्याले म्हटलं, इथली बाई कुठं गेली? तो म्हणे, मी कालच आलो." मामा हसायला गेले, पण ते काही जमलं नाही.

"मी दिवसा गोष्ट सांगितली, मामा."

"कोणती?"

"वेशीची."

"पुरी केली?"

"नाही. दगड म्हणतो सरक, तिथवरच."

"अन् मले अर्ध्या वाटेवर ठेवलं! चाल, पुरी कर पयले. पाणी मंग दे."

ते खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले, सगळ्यांना जय भीम घातला. अकराही जण होते.

"दगड म्हणाला, बुढे, सरक," मी पुन्हा सुरू केलं. पुढचं आईचं वाक्य आठवेना. मामांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडेच पाहत होते.

"म्हातारी म्हणाली, मी नाई सरकत. तुले जाचं असंन तर मले घेऊन जा."

"असं नव्हतं ते," मामा म्हणाले. पण खरं कसं होतं, ते त्यांनाही आठवेना.

"चालते," ते म्हणाले. "मंग?"