'नको'वरची फुली

मित्रांनो, माझ्या पोटात आजवर एकदाच मतं पडली, तरी मला मतपेटीच म्हणतात. छत्र्यांच्या कारखान्यातल्या सुताराने मला खोक्यांच्या फळ्यांपासून बनवलं, आणि मतदानाच्या दिवसापर्यंत मी साहेबांच्या केबिनमध्ये होते.

त्या वर्षी कामगारांना युनियन हवी होती. निम्म्याहून जास्त जणांनी सह्या केल्या होत्या. पण कायदा म्हणत होता, सह्या पुरेशा नाहीत. अर्जानंतर महिन्याने गुप्त मतदान घ्या.

केबिनच्या खिडकीखाली कामगार डबे खायला बसत, तेव्हा यावरून वाद चालायचा. सह्या गोळा केल्या होत्या कापड शिवणाऱ्या ताईने. ती म्हणायची, "माणसाने सही केली, म्हणजे सांगितलं ना त्याने? परत महिनाभर थांबायचं कशाला? तेवढ्यात साहेब एकेकाला गाठतील."

तिचा धाकटा भाऊ छत्रीच्या काड्या जोडायचा. त्याला हे पटत नसे. "ताई, तू कागद घेऊन समोर उभी राहिलीस की नाही म्हणायची कुणाची टाप आहे? पेटीत निदान कुणी बघत नाही."

"तुझं मत तरी आहे ना मला?"

"हे काय विचारणं झालं?"

मला दोघांचंही पटायचं.

मग साहेबांनी एकेकाला बोलावलं. भावाला म्हणाले, "युनियन आली तर काड्यांचं खातं बंद करावं लागेल. तुमच्या शब्दावर लागलेली अकरा माणसं आहेत ना तिथे?" साहेबांचा आवाज जराही चढला नाही. भाऊ उठताना तेवढा खुर्चीला अडखळला.

मतदानाच्या दिवशी त्याचा हात माझ्या फटीवर बराच वेळ थांबला. मग कागद आत पडला. फुली 'नको'वर होती.

युनियन एका मताने हरली. दोन महिन्यांत ताईला कामावरून काढलं. भाऊ तिची कात्री पिशवीत ठेवत होता, आणि ती त्यालाच विचारत होती, "कोण असेल रे तो एक?"

मला अडगळीच्या खोलीत टाकलं. भर दुपारी भाऊ तिथे यायचा आणि हळूच म्हणायचा, "तुला माहीत आहे." तो गेल्यावरही ते शब्द माझ्या पोटात फिरत राहायचे. मतं कधीच काढून नेली होती, तरी वाटायचं, तो एक कागद आतच आहे आणि त्याची घडी आपोआप उलगडते आहे.

बारा वर्षांनी कायदा बदलायची चर्चा सुरू झाली. समितीने ताईला साक्षीला बोलावलं. पेटी दाखवावी म्हणून ती मला न्यायला आली. भावाने मला बाहेर आणलं, पण तिच्या हातात देईना.

"ताई, तो एक मी होतो."

ती पायरीवर बसली. रुमालाने माझ्यावरची धूळ पुसत राहिली.

"मी शेजारच्या मशीनवालीवर संशय घेतला," ती म्हणाली. "तिच्याशी शेवटपर्यंत बोलले नाही. गेल्या वर्षी गेली ती."

मग ती उठली. "दुसरी बाजू धर. मला एकटीला नाही उचलणार."

मित्रांनो, सह्या घ्याव्यात की मतं, हे तुम्ही मोठे झालात की ठरवा. माझी विनंती एवढीच, की आधी माणसाला घाबरवून मग त्याचं मत विचारू नका.

समितीसमोर ताईचं नाव पुकारलं. तिच्याआधी भाऊ उभा राहिला.

"मी सांगतो," तो म्हणाला.