डागवाली दुर्री

मी बदामाची दुर्री. बावन्न पत्त्यांतली सगळ्यात खालच्या पायरीवरची. मला आजवर कुणी घाबरलं नव्हतं. म्हणून तर गेल्या सोमवारचा धक्का मला अजून पचलेला नाही.

छापखान्यातून निघाले तेव्हा माझी पाठ इतरांसारखीच निळी होती. या शिवणाच्या कारखान्यात आले आणि आठवड्यातच इस्त्रीवाल्याने तापलेली इस्त्री माझ्यावर टेकवली. पाठीवर बोटाएवढा काळपट डाग पडला. तेव्हापासून मी कुणाच्या हातात आहे, ते समोरच्याला उलट्या बाजूनेही कळतं. "पत्त्यांच्या पाठी बघायच्या नाहीत" असं सगळेच म्हणतात आणि सगळेच बघतात. माणसाची जात, दुसरं काय!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत इथे पोकर चालतो. पैशांऐवजी शर्टाची बटणं लावायची. जिंकेल त्याला आठवडाभर खिडकीजवळची उजेडाची खुर्ची. काजं करणाऱ्या मावशीला ती हवीच होती. महिनाभर तिचे टाके वाकडे पडत होते आणि मालकाने बजावलं होतं, "आणखी एक शर्ट परत आला तर दुसरी बाई बघतो." कापणारे मास्तर खुर्ची द्यायला निघाले, तर ही फणकारली, "उपकार नकोत. जिंकून घेईन."

शेवटच्या डावात दोघंच उरली. मध्ये मांडलेल्या पाच सामाईक पत्त्यांत दोन राण्या नि एक राजा, बाकी दोन किरकोळ. मावशीच्या हातात राणी आणि राजा, म्हणजे एकूण तीन राण्या नि दोन राजे. मास्तरांकडे उरलेले दोन्ही राजे असले तरच ती हरणार होती. आणि मास्तरांच्या दोन पत्त्यांत एक तर मीच!

खुर्ची तिलाच मिळावी म्हणून मास्तरांनी माझा डाग तिच्यासमोर धरला आणि सगळी बटणं पुढे सरकवली. इतका उघडा ब्लफ शेंबड्या पोरानेही पकडला असता. इस्त्रीवाला तोंड दाबून हसायला लागला.

मावशीने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग तिने पत्ते खाली ठेवले.

"तुमच्याकडे दोन राजे असणार. सोडला मी डाव."

इस्त्रीवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. मास्तरांनी मला तिच्या आणखी जवळ धरलं.

"मावशी, माझ्या हातातल्या पत्त्यांवर काय दिसतंय?"

"काय दिसणार? निळी पाठ."

त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिने मला नाकाशी नेलं आणि डागावरून अंगठा फिरवला.

"टाके चाचपून घालते हो मी. पण सांगू कुणाला? हातावर पोट आहे."

मास्तरांनी त्याच दुपारी तिला डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू पिकला होता. आता तिची काजं मास्तर स्वतः करतात, आणि खिडकीतल्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

मी तिच्या पर्समध्ये आहे. ऑपरेशनला जाताना तिने मला मागून घेतलं. माझ्यावाचून खेळ बंद पडलाय, पण तक्रार कुणाचीच नाही. उद्या सकाळी तिच्या डोळ्याची पट्टी निघेल. माझं एवढंच मागणं आहे: मला तिच्यासमोर धराल तेव्हा पाठ तिच्याकडे करा.