घरचं माणूस

“पाळणाघर बंद करायचं तुमच्याच अहवालावरून ठरलंय, बाई,” ओव्हरसिअर काकासाहेब म्हणाले. “जवळजवळ सगळ्या घरांत पोरं आजी सांभाळते. तुम्हीच लिहिलंय.”

कमल निसळांनी ते लिहिलं होतं. घरातलं लेकरू कोण बघतं, बायकांच्या कामाचा भार कोण उचलतं, सरकारी मदत कुणाला लागते, याच अभ्यासात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दुष्काळातही एकत्र कुटुंब टिकून आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुण्याच्या परिषदेत सगळ्यांना आवडला होता.

पण पाहणी त्यांनी बाजारच्या दिवशी केली होती. त्या दिवशी दुष्काळी कामावरची खडी फोडणं बंद असतं. आज्या घरी होत्या, मांडीवर नातवंडं होती, आणि सुनांना प्रश्न विचारला तो त्यांच्यादेखत. आज त्याच आज्या जामखेडच्या रस्त्यावर डोक्याला फडकं बांधून सुनांशेजारी खडी फोडत होत्या. पाळणाघराचं छप्पर घालण्याआधी इथंच एका पोराचा डोळा कपचीनं गेला होता.

“माझं चुकलं,” कमलताई म्हणाल्या. “मी दुरुस्ती पाठवते.”

“पाठवा. पण तोवर मला आधार काय? एका तरी बाईनं माझ्यासमोर सांगावं, घरी बघायला कुणी नाही म्हणून. मग राहू देतो छप्पर.”

कमलताई जवळच खडी फोडणाऱ्या भीमाबाईकडं वळल्या; तिचं लेकरू नुकतं रांगायला लागलं होतं. तिची सासू राहीबाई हाताच्या अंतरावर बसली होती.

“भीमाबाई, साहेबांना सांगा. लेकराकडं कोण बघतं?”

राहीबाईचा हातोडा थांबला. आजूबाजूचेही थांबले.

“सासू बघती की.”

“अहो, त्या तर इथं कामावर आहेत.”

“मंग? हितंबी बघत्यात.”

“एक डोळा खडीवर, एक नातवावर,” पलीकडून छबूबाई म्हणाली. “लई हुशार हाय आमची राहीबाई.”

बायका हसल्या. राहीबाई हसली नाही. “आमच्या घरचं लेकरू सरकारनं का म्हून सांभाळावं? आमी काय मेलो का?”

“ऐकलंत ना?” काकासाहेबांनी गड्यांना खूण केली.

काकासाहेब गेल्यावर कमलताई भीमाबाईजवळ वाकल्या. “खरं का नाही सांगितलंत?”

“तुमी जाल पुन्याला, बाई. मला सांजच्याला सासूच्याच घरात जायाचंय.” तिनं वर पाहिलं नाही. “आन् त्यांचं तरी काय चुकलं? त्याबी पोटासाठीच आल्यात.”

गड्यांनी तुराट्यांचं छप्पर उतरवून ट्रकमध्ये टाकलं. आतली पोरं उन्हात आली तशी डोळे चोळत रडू लागली.

भीमाबाईनं लुगड्याची चिंधी फाडली. एक टोक लेकराच्या पायाला बांधलं, दुसरं मोठ्या दगडाला, आणि ती परत कामाला बसली. राहीबाई उठून आली. तिनं गाठीखाली बोट घालून पाहिलं, गाठ जराशी सैल केली, आणि लेकराचं तोंड खडीकडून वळवून पलीकडं केलं.