कपाळावर कुंकू असलेला पासपोर्ट

मी पासपोर्ट बोलतोय. आवाज जरा दबका येत असेल तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर दोन नऊवारी लुगडी, एक शाल आणि कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा थर आहे. मुक्काम उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. पत्र्याच्या पेटीत तळाशी असतो. जग फिरायला जन्मलो आणि मुंबईच्या विमानतळापर्यंत जाऊन परत आलो.

माझं घराणं मोठं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अंगात गर्द निळा कोट, छातीवर सिंहांची सोनेरी मुद्रा. आत पहिल्याच पानावर राष्ट्रपतींच्या नावानं साऱ्या जगाला विनंती छापलेली आहे, की या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत करावी. केवढा मान! ही विनंती जगानं किती मनावर घेतली ते पुढे येईलच.

माझी मालकीण सोजराबाई. तिचे यजमान वामनराव गावातले मोठे बागायतदार. शेत वामनरावांच्या नावावर, घर वामनरावांच्या नावावर, विहीर आणि बैलजोडीही त्यांचीच. सोजराबाईच्या नावावर सरकारदरबारी नोंदलेली पहिली वस्तू म्हणजे मी. त्यामुळे मला थोडा गर्व झाला असेल तर तो क्षम्य आहे.

मी जन्माला आलो तो तिच्या लेकीपायी. बेबीताईचा नवरा शेतकी कॉलेजात शिकलेला. मातीची परीक्षा कशी करायची ते शिकायला तो अमेरिकेला गेला. आमच्या भागातला माणूस मुठीत ढेकूळ घेऊन कुस्करतो आणि झाली परीक्षा, पण त्याला पदवी मिळत नाही. त्याच्यामागून बेबीताई गेली, आणि वर्षभरात पत्र आलं की ती गरोदर आहे. मराठी मुलखाचं वेगळं राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. अमेरिकेचं पत्र म्हणून ते आधी अर्ध्या गावानं वाचलं आणि मग घरात आलं.

पत्रात जावयानं लिहिलं होतं, "इथे उत्तम दवाखाना आहे, काळजी नसावी."

सोजराबाईनं पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "दवाखाना म्हंजे माहेर व्हय काय? पयलं बाळंतपण मायच्याच हातचं असते. पोरीले येता येत नाही, तं मीच जातो."

वामनराव सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "अमेरिकेले?"

"मंग काय इथं रोहिणखेडले?"

जावयानं तिकीट पाठवलं, हमीपत्र पाठवलं. आता राहिलो फक्त मी. हे 'फक्त' किती मोठं असतं ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

माझ्यासाठी पहिली लागली ती जन्मतारीख. सोजराबाईची आई सांगायची, लेक झाली तेव्हा नदीला पूर होता आणि पांढरी गाय व्याली होती. सरकारला गाईची तारीख चालेना. शेवटी गावच्या मास्तरांनी एक जून लिहून दिली. आमच्याकडे निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे, शाळा उघडायच्या दिवसांत बायकांना दुसरा उद्योग नसावा.

मग फोटो. चिखलीच्या फोटोवाल्याकडे सोजराबाई नवं लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून बसली. फोटोवाला हुशार. परदेशी साहेबाला चेहरा स्वच्छ लागतो, डाग चालत नाही, असं त्यानं कुठंतरी ऐकलेलं. त्यानं फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर बारीक ब्रश चालवून कपाळावरचा डाग काढून टाकला. तो डाग म्हणजे सोजराबाईचं कुंकू होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि घाईत घरातल्याही कुणाच्या आलं नाही. असा चकचकीत, मोकळ्या कपाळाचा फोटो माझ्या पोटात चिकटला, त्यावर उठावाचा शिक्का बसला आणि मी जन्मलो.

माझ्या जोडीला एक पिवळं पुस्तक होतं, देवीची लस टोचल्याचा दाखला. ते सारखं म्हणायचं, माझ्यावाचून तुझं पान हलणार नाही. शेवटी त्याचं आणि माझं, दोघांचंही हललं नाही.

मग आम्ही मलकापूरला गाडीत बसलो आणि व्हिसासाठी मुंबई गाठली. व्हिसा म्हणजे काय हे वामनरावांनी सोजराबाईला वाटेत समजावलं. "पासपोर्ट म्हंजे आपलं सरकार म्हनते, जा. व्हिसा म्हंजे त्याईचं सरकार म्हनते, या."

"मंग माही पोरगी कवाची 'ये' म्हनून राह्यली," सोजराबाई म्हणाली, "तिचं कोनी ऐकत नाही काय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याच पानावर नाही.

वकिलातीत काचेमागे गोरा साहेब आणि बाजूला मराठी समजणारा एक दुभाषी. वामनरावांना दाराबाहेर ठेवलं. दुभाष्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "नवऱ्याचं नाव?"

सोजराबाईनं पदर तोंडाला लावला. तीस वर्षांच्या संसारात जे नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर उच्चारलं नव्हतं, ते आता साहेबासमोर टाकायचं? "ते बाहीर उभे हायेत. त्याईलेच इचारा."

दुभाषी म्हणाला, नाव पासपोर्टात लिहिलेलं आहे, फक्त खातरजमा करायची आहे. ती हलेना. शेवटी वामनरावांना आत बोलावलं, त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि त्यांना पुन्हा बाहेर काढलं. एवढ्या लांब येऊन हे एक काम त्यांनी चोख केलं.

मग खरा प्रश्न आला. "तुम्ही परत याल कशावरून? तुमच्या नावावर शेत आहे?"

"नाही."

"घर?"

"नाही."

"मग तुमच्या नावावर आहे काय?"

सोजराबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी फुगलो. साहेबावर काही परिणाम झाला नाही.

"अवं पन मी काऊन राहीन तिथं?" ती आता चिडली होती. "माही भुरी म्हैस पुसात व्याणार हाये. माह्याबिगर कोनाले सडाले हात लावू देत नाही ते. पोरीचं सव्वा मयन्याचं झालं का मी निंगालीच."

दुभाष्यानं हे इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे. साहेब मात्र मोठ्यानं हसला आणि शिक्का उचलला. शेतजमीन, बँक, राष्ट्रपती, या कुणाच्या शब्दावर जे झालं नसतं ते एका म्हशीच्या भरवशावर झालं. माझ्या मधल्या पानावर व्हिसा उमटला.

इथवर सगळं ठीक होतं. मला नडलं ते प्रेम.

निघायच्या दिवशी सोजराबाईची ओटी भरायला आळीतल्या बायका जमल्या. डिंकाचे लाडू, हाळीव, बाळंतशोप, बाळंतविडा, सगळं गाठोड्यात बांधलेलं. गाठोड्याशेजारी पाटावर तांदळाची रास घालून मला बसवलं. मोठ्या जाऊबाई रुखमाबाई म्हणाल्या, "दसऱ्याले नांगराची पूजा करतो ना आपन? मंग हे तं सातासमुद्रापल्याड नेनारं वाहन हाये."

माझ्या सिंहांना हळद-कुंकू लागलं. लागू द्या, वेष्टणावर कोण पाहतं. पण मग रुखमाबाईंनी मला उघडलं. फोटो पाहिला आणि त्यांचा हात छातीवर गेला.

"अवं माय! सवाष्न बाईचं कपाय मोकयं? असल्या फोटोवर समुद्र वलांडून जाशीन काय तू?"

बायकांत कुजबूज झाली. सोजराबाईचाही चेहरा उतरला. इतके दिवस तिनं तो फोटो नीट पाहिलाच नव्हता. रुखमाबाईंनी करंड्यातलं कुंकू घेतलं, पाण्याचा थेंब टाकला आणि करंगळीनं फोटोच्या कपाळावर असं गोल, ठसठशीत कुंकू लावलं की फोटोवाल्यानं पाहून शिकावं.

"आता कशी लक्षुमी दिसते," त्या म्हणाल्या.

मला त्याच क्षणी कळलं की आपला निकाल लागला. पण पासपोर्टाला तोंड नसतं, आणि असतं तरी पाच सवाष्णींपुढे ते कुणी उघडलं असतं?

सांताक्रूझच्या विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्यानं मला उघडलं आणि त्याच्या भुवया चढल्या. "हे काय? फोटोवर खाडाखोड?"

"कुकू हाये साहेब," वामनराव कठड्यापलीकडून म्हणाले.

"फोटोत बदल केलेला पासपोर्ट चालत नाही. नवा काढावा लागेल."

"नवा कवा मियन?"

"दोन-तीन महिने."

सोजराबाईच्या हातातलं डिंकाच्या लाडवांचं गाठोडं खाली बसलं. बेबीताईचे दिवस भरत आले होते. तीन महिन्यांनी तिथं जाऊन ती बाळंतपण कुणाचं करणार होती?

अधिकारी माणूस वाईट नव्हता. घरी त्यालाही आई असावी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि ओला रुमाल पुढे केला. "बाई, पुसून टाका. पुसट लाली राहिली तर मी डाग म्हणेन. डाग नियमात बसतो. कुंकू बसत नाही."

नियमांचं असं असतं. मी त्यांच्यातच वाढलोय, मला नवल वाटलं नाही.

सोजराबाईनं रुमाल हातात घेतला. मला दुसऱ्या हातात धरलं. पलीकडे विमानाकडे जाणारं दार होतं आणि त्या दारापलीकडे कुठंतरी तिची लेक पोट धरून तिची वाट पाहत होती. तिनं रुमाल माझ्या फोटोजवळ नेला. मग तिची नजर उचलली गेली. कठड्यापलीकडे वामनराव उभे होते, डोक्यावर नवं पागोटं, हातात तिचा पाण्याचा फिरकीचा तांब्या.

"पुस व," ते म्हणाले. "मी काई मरून नाही राह्यलो. फोटोच तं हाये."

रुमालाचं पाणी माझ्या कडेवर टपकलं, तो डाग अजून आहे. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. मग तिनं रुमाल घडी घालून अधिकाऱ्याला परत दिला.

"नाही होत साहेब माह्याच्यानं."

आम्ही परतीची गाडी पकडली. मलकापूर जवळ आलं तेव्हा वामनरावांनी गाठोडं सोडलं आणि एक डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. ती लाडू धरून रडली. गाव जवळ येईपर्यंत रडली.

नवा पासपोर्ट काढायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तिकडे बेबीताईला मुलगा झाला, तार आली. लेकीला इकडून एवढंच कळवलं की कागदात अडचण आली. म्हैस मात्र ठरल्याप्रमाणे पौषात व्याली. दिलेला शब्द तिनं एकटीनंच पाळला.

पुढे चार वर्षांनी, नांगरटीच्या दिवसांत, वामनरावांच्या छातीत कळ आली आणि ते शेतातच गेले. सोजराबाईच्या कपाळावरचं कुंकू पुसायला ज्या बायका बसल्या त्यांत रुखमाबाईच पुढे होत्या. पाच सवाष्णींत मला कुंकू लावणारी ती हीच करंगळी. मी पेटीत होतो. माझी आठवण कुणाला झाली नाही.

बापाच्या दिवसांना बेबीताई आली. सोबत चार वर्षांचा नातू, त्याच्या खिशात त्याचा स्वतःचा पासपोर्ट, परदेशी! आजीच्या घरी राहायला त्याला व्हिसा काढावा लागला होता. त्या पासपोर्टानं माझ्याकडे पाहून नाक मुरडलं असतं, पण आम्हाला कुणी एकत्र ठेवलं नाही.

तेराव्यानंतर एके दुपारी लेक आईला म्हणाली, "आई, मी वाट पाहिली होती तुझी. दवाखान्यात रात्रंदिवस दाराकडे पाहत होते. एका कागदापायी तू आली नाहीस."

सोजराबाई उठली, पेटी उघडली, लुगडी बाजूला केली आणि मला लेकीच्या हातात दिलं.

बेबीताईनं मला उघडलं. व्हिसाचं पान पाहिलं, मग फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आई, हे पुसलं असतं तर?"

"तं आली असती."

"मग का नाही पुसलंस?"

सोजराबाईनं मोकळ्या कपाळावरचा पदर सावरला. "तुहा बाप समोर उभा व्हता ना व."

बेबीताईनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी दोघींच्या मधे चेपला गेलो. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं घट्ट धरलं नव्हतं, शिक्का मारणाऱ्यांनीसुद्धा.

आता माझी मुदत संपलेली आहे. कुठलंही सरकार मला हात लावणार नाही. तरी सोजराबाई अधूनमधून पेटी उघडते, लुगडी सरकवते, मला उघडून फोटोकडे पाहते. या घरात सोजराबाईच्या कपाळावरचं कुंकू आता फक्त माझ्याकडे आहे.

तेव्हा तुम्ही परदेशी निघालात आणि कधी एखाद्या तपासणीच्या खिडकीशी उभे राहिलात, तर माझा एक निरोप तिथल्या साहेबांना द्या. म्हणावं, नियमानुसार फोटो आणि चेहरा जुळायला हवा, तो इथे आता जुळत नाही, हे आम्हाला मान्य आहे. रद्द म्हणा, बाद म्हणा, कोपरा कापा. फक्त ओला रुमाल पुढे करू नका.