पाठकोरे कागद

"अरे, उलटून तर बघ आधी. पाठ कोरी आहे त्याची, आणि टाकायला निघालास?"

हा आवाज चाळीस वर्षांपूर्वी बाइंडरच्या कानात पडला आणि तिथेच राहायला आला. आवाज त्याच्या उस्तादांचा. पुढे उस्ताद गेले, त्यांच्या दुकानाच्या जागी औषधांचं दुकान आलं. तरी बाइंडरचा हात कागद घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे वळला की तो आवाज यायचा, आणि हात आपसूक कागद उलटायचा. पाठ कोरी निघाली की कागद गठ्ठ्यावर. गठ्ठा वीतभर झाला की तो ठोकून सरळ करायचा, कटिंग मशीनखाली कडा कापायच्या, माथ्याला खळ लावायची आणि वर वजन ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पॅड तयार. किराणा दुकानदाराला एक, शिवणाऱ्या बाईला एक, शाळेच्या शिपायाला दोन. पैसे घेणं त्याला कधी सुचलंच नाही. बायको म्हणायची, यांना कुणी राजवाडा दिला तरी आधी भिंतींची पाठ कोरी आहे का बघतील.

पाठकोरे कागद यायचे शेजारून, झेरॉक्सच्या दुकानातून. ते दुकान उजेडकाकांचं. हे नाव त्यांना बाइंडरच्या लेकीने दिलेलं, ती चार वर्षांची असताना. मशीनच्या झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकायची, समोरच्या भिंतीवर चढायची, उतरायची, आणि पोर स्टुलावर बसून ती बघत राहायची. हळूहळू सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारू लागली.

ती पोर आता नर्स झाली होती. चार वर्षांचं शिक्षण, दोन वर्षांचा अनुभव, आणि आता मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नेमणूक. पांढरे बूटही आणून झाले होते.

इस्पितळातून फोन आला तेव्हा बाइंडर एका जाड पुस्तकाचा कणा चिकटवत होता. लेक दाराशी उभी राहून बोलत होती. आधी ती हसून बोलली, मग नुसतं "हो", "हो" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने जे सांगितलं ते असं, की तिच्या नोंदणी क्रमांकावर दुसऱ्या एका गावात सात महिन्यांपासून कुणी बाई कामाला आहे. नाव हिचं, गुणपत्रिका हिच्या, प्रमाणपत्र हिचं. फोटो तेवढा वेगळा. आठ दिवसांत पोलिसांत तक्रार नोंदवून मूळ कागद दाखवायचे, नाहीतर वॉर्डातली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

"जागा गेली तर दुसरी मिळेल, बाबा," ती म्हणाली. "पण ती बाई तिथे रोज इंजेक्शनं देतेय. उद्या तिच्या हातून कुणाचं काही झालं, तर तो हात माझा ठरणार."

बाइंडरने कण्यावरचा हात काढला नाही. खळ सुकून बोटं पुस्तकाला चिकटली, तरी तो तसाच बसून राहिला. कारण त्याला आठवलं होतं.

त्या गोष्टीला वर्ष झालं होतं. लेकीने अर्जासाठी सगळ्या कागदांच्या प्रती काढल्या होत्या आणि मशीनने प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला बोटभर काळा पट्टा मारला होता. उजेडकाकांनी काच पुसून नवा संच फुकट काढून दिला. बिघडलेला संच लेकीने बाइंडरच्या हातात ठेवला आणि घाईघाईत सांगितलं, बाबा, हे फाडून टाका. तो हो म्हणाला. मग सवयीने त्याने कागद उलटले.

बावीस पानं. ओळीने लावलेली, पाठ स्वच्छ. ती त्याने गठ्ठ्याच्या मधोमध घातली आणि कटिंग मशीनचा दांडा ओढला. काळा पट्टा रिबिनीसारखा खाली पडला. दुसऱ्या कुणी ते कागद रद्दीत दिले असते, तर ते बिघडलेलेच राहिले असते. बाइंडरच्या हाताखालून मात्र ते नीटस होऊन निघाले. ते पॅड त्याने बसस्थानकाजवळच्या एका नोकरी लावून देणाऱ्या कचेरीत नेऊन दिलं होतं. तिथला माणूस गोडबोल्या होता. तुमच्या पॅडवर पेन कसं पळतं, म्हणाला होता. बाइंडर त्या दिवशी घरी चालत आला होता, आणि रस्ताभर खूश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळीचं सामान आणतो असं सांगून तो बसस्थानकावर गेला. कचेरीचं शटर खाली होतं. पाटी काढून नेलेली, भिंतीवर तिच्या चार खिळ्यांची भोकं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, गेला तो, सहा-सात महिने झाले. बाइंडर परत आला. बायकोने विचारलं, सामान कुठाय. दुकान बंद होतं, तो म्हणाला. हे तर खरंच होतं.

लेक रडली-बिडली नाही. तिने कामाला सुरुवात केली. फोनमधले सगळे पासवर्ड बदलले. जुनं सिमकार्ड बंद केलं. नव्या प्रत्येक प्रतीवर निळ्या पेनाने तिरपी ओळ लिहू लागली: कशासाठी, कुणाला, कोणती तारीख, खाली सही. ओळखपत्राची प्रत काढताना त्यातल्या अर्ध्या आकड्यांवर कागदाची चिंधी ठेवायची. आणि प्रती काढायला ती तीन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या दुकानात जाऊ लागली.

मग तिने बाइंडरचा गठ्ठा मागितला. दोघं जमिनीवर बसून एकेक कागद उलटू लागले, पण या वेळी उलट्या बाजूने. कुणाची गुणपत्रिका, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, कुणा म्हातारीच्या अंगठ्याचा ठसा. वर्षानुवर्षं कोरी बाजू बघणाऱ्या बाइंडरला पहिल्यांदाच त्या गठ्ठ्यात माणसं दिसली. लेकीने ते कागद फाडले, बादलीत टाकले, वर पाणी ओतलं. कागद आधी तरंगले, मग जड झाले, मग बुडले. यांना आता सुतक पाळू दे, बायको म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

"माझे ते काळ्या पट्ट्याचे कागद तुम्ही फाडले होते ना, बाबा?"

"हो."

"नक्की?"

"हो म्हणालो ना."

लेकीने मान हलवली. मग राहिलं एकच दुकान, ती म्हणाली, आणि बादली उचलून मोरीकडे गेली.

संध्याकाळी उजेडकाका दारात आले. आत आले नाहीत. चप्पल काढावी की नाही अशा पायांनी उंबऱ्यापाशी उभे राहिले. मेकॅनिकला विचारलं, म्हणाले, माझ्या या मशीनमध्ये काढलेल्या प्रतींचं काही साठून राहत नाही म्हणतो तो, जुनं आहे ना. तुम्ही पोरीला सांगा. बाइंडर म्हणाला, सांगतो. लेक आतच होती, तिला सगळं ऐकू येत होतं. ती बाहेर आली नाही. पुढचे दोन दिवस उजेडकाकांचं मशीन फारसं चाललं नाही. गल्लीत बातमी पसरली होती. समोरची भिंत दिवसभर नुसती भिंत होती.

पाचव्या दिवशी बापलेक पोलीस ठाण्यात गेले. अधिकारी बाई मध्यम वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, समोर चहाचा अर्धा पेला. त्यांनी लेकीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिने केलेली यादी वाचली, आणि इतकं पद्धतशीर कुणी आणत नाही, म्हणाल्या. तुमच्यासारखे चार लोक असते तर माझं निम्मं काम कमी झालं असतं. लेक जराशी हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

मग त्यांनी चष्मा खाली ओढला. या प्रती बाहेर कुठून गेल्या असतील? कुणावर संशय?

लेकीने पुढ्यातले मूळ कागद सरळ केले. मग टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "आमच्या शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे."

"मालकाचं नाव?"

लेकीला ते नाव पटकन सांगता आलं नाही. इतकी वर्षं ती त्यांना एकाच नावाने ओळखत होती. तिने बाइंडरकडे बघितलं. बाबा, त्यांचं खरं नाव काय हो? अधिकारी बाईंनीही त्याच्याकडे बघितलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

बाइंडरने दोन्ही हात टेबलावर ठेवले, गठ्ठा ठोकण्याआधी ठेवायचा तसे.

"मॅडम, ते नाव लिहू नका," तो म्हणाला. "कागद माझ्याकडून गेले. बिघडलेला संच हिने मला फाडायला दिला होता, मी फाडला नाही. काळी कड कापली, पॅड बांधलं आणि बसस्थानकाजवळच्या नोकरीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिलं. कचेरी बंद झालीय, मी बघून आलो. पण तो माणूस समोर आला तर मी ओळखेन."

मग तो लेकीकडे वळला.

"तू दोनदा विचारलंस, बाळा. दोन्ही वेळा मी खोटं बोललो."